हक्कसोडाची साडी

आबा, परवा रजिस्टर कचेरीत गेलो होतो. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण तिथल्या पायऱ्या चढताना अजून वाटतं, कुणीतरी हटकेल आणि विचारील, "आबा कुठायत? ओळख द्यायची होती." दस्त लिहून देणारा माणूस खरोखर तोच आहे, हे साहेबापुढे सांगायला दोन माणसं लागतात, आणि गावातल्या कुणाचाही दस्त असो, त्यातलं एक माणूस तुम्ही. स्वतःची भातलावणी टाकून लोकांच्या कागदांना उभे राहता, म्हणून आई करवादायची. मी तेव्हा नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत नुकताच लागलो होतो. गुरुवारी सुट्टी, त्यामुळे तुम्हाला स्कूटरवर नेणं-आणणं माझ्याकडे. घरचे बैल परवडले, पण बापाची ही हौस नको, असं मी मित्रांना सांगायचो.

त्यातला एक गुरुवार डोळ्यांपुढून हलत नाही. शेजारच्या गावची एक विधवा बाई, तिचे दोन दीर आणि तयार दस्त. तुम्ही तिला चहाच्या गाडीपाशी बाजूला घेता. "बाई, कशावर अंगठा देतीयास, ठावं हाय का? राजीखुशीनं हाय नव्हं?" ती नुसता पदर तोंडाला लावते. तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवता, दिरांना म्हणता, "मला काय हिची वळख न्हाई बाबा," आणि सरळ स्कूटरवर येऊन बसता. वाटेत मी चिडलो. बाई चांगली ओळखीची, मग खोटं कशाला बोललात? सोमाटण्याचा चौक आला. मग मागून म्हणालात, "वळख द्यायची म्हंजी नुसतं त्वांड वळखायचं व्हय रं? तिच्या मनात काय हाय ते ठावं नसंल, तर कसली वळख?" ते दीर पुढे कितीतरी वर्षं तुमच्याशी बोलले नाहीत. मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला होता. सांगितलं मात्र नाही, कारण बापाला असलं काही सांगायची आपल्यात पद्धतच नाही.

पण आबा, आत्याला तुम्ही विचारलं नव्हतं. ही तक्रार नाही, नुसती आठवण आहे. आजोबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. सातबाराच्या उताऱ्यावर तुमच्याबरोबर तिचंही नाव लागलं आणि सगळ्याच बहिणी करतात तसा तिनं हक्कसोड करून दिला, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला लिहून दिला. त्या दिवशी तुम्ही लिहून घेणारे होता, ओळख द्यायला दुसरे दोघे. घरी आल्यावर आईनं तिला हिरवी साडी नेसवली, पुरणपोळी झाली, आत्या हसत जेवली. पुढच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली, विहिरीवरच्या आंब्याखाली उभी राहिली आणि तुम्हाला म्हणाली, "दोन आंबं घिऊ का रं?" त्याच झाडावर लहानपणी ती तुमच्याआधी चढायची म्हणे. तुम्ही "घे की" म्हणालात, आणि दुपारी अर्ध्या ताटावरून उठलात. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

परवा मी तेच करायला निघालो होतो. तुमच्या नातवाला रानात घर बांधायचंय. उताऱ्यावर एकच नाव असलं की पुढचे कागद सोपे होतात, म्हणून तुमच्या लेकीचा, धाकटीचा हक्कसोड. तिला इंदुरीहून गाडीत घेतलं. तिची साडी आधीच आणून डिकीत ठेवली होती. चांगली भारी घेतली होती, म्हणजे मनाला टोचणी नको. कचेरीत आमचं टोकन लागलं, धाकटी पदर सारखा करून कॅमेऱ्यासमोर बसली, आणि सर्व्हर बंद पडला. ऑपरेटर म्हणाला, "कधी येईल सांगता येत नाही. चहा घेऊन या."

चहाच्या गाडीपाशी आम्ही दोघंच. सकाळपासून तिच्याशी मी हवापाण्याशिवाय काही बोललो नव्हतो. आता तेही संपलं, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून तोंडातून निघून गेलं, "कशावर सही करतीयास, ठावं हाय नव्हं?"

ती हसली. "आता इचारतोस व्हय दादा? फोटूला बसवल्यावर?" मग कप हातात फिरवत राहिली. "जिमीन मला न्हाई करायची. पिकव, घर बांध, काय बी कर. पर आत्या आंबं तोडताना इचारायची, आठवतंय का तुला? लय वंगाळ वाटायचं मला. माज्यावर तशी येळ नगं यायला, येवढंच. नाव ऱ्हाऊ दे. तुज्या पोराच्या घराला माजी सही लागली, तर धा येळा यीन."

आबा, मला रडू आलं. साठीला टेकलेला माणूस, भर दुपारी, चहाच्या गाडीपाशी. धाकटी म्हणाली, "येडा का खुळा तू? लोकं बगत्यात." थोड्या वेळानं सर्व्हर आला, आमचं टोकन पुकारलं गेलं. आम्ही उठलो नाही.

येताना गाडी रानात घातली. आंबे अजून उतरवले नव्हते. धाकटीनं चपला काढल्या, हाताला आलेल्या फांदीचे चार आंबे तोडले आणि माझ्याकडे न बघता ओच्यात टाकले. गाडीत बसताना म्हणाली, "साडी आणलीच असशील की. दे हिकडं. ती मी न्हाई सोडत."

हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसलो. पाठवणार कुठं? त्या न नोंदवलेल्या दस्ताच्याच घडीत ठेवून देईन. वाचलं असतंत तर पोरगा आपल्यावर गेला म्हणून तुम्हाला बरं वाटलं असतं. पण तसं वाटून घेऊ नका. सर्व्हर चालू असता, तर मी तिला विचारलं नसतं. सही घेतली असती, साडी दिली असती आणि घरी येऊन पोटभर जेवलो असतो. आत्याच्या दिवशी तुम्हाला चहाला जायला वेळ मिळाला नाही, आपल्या दोघांत एवढाच फरक आहे.