ओवाळणीत आलेले ल्युबेकचे नाणे

मी, सौ. शोभना विनय टिकेकर, वय ५८, राहणार प्लेनो, टेक्सास, शुद्धीवर असताना आणि कोणी मागे न लागता हे लिहून ठेवते. परवा गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात रुटीन आहे. त्यांच्यासाठी असेल.

१. घर दोघांच्या नावावर आहे, ते विनयकडेच राहील. माझी बचत आणि शिवणयंत्र मुलगी इला हिला. यंत्र विकायचे नाही, शिकायचे.

२. माझी नणंद सीमा हिने २००२ च्या गणपतीत नेलेले माझे मोदकपात्र तिलाच दिले असे समजावे. नाहीतरी ती परत करणार नाही.

३. ल्युबेक या जर्मनीतल्या जुन्या व्यापारी शहराचे, सतराव्या शतकातले, चार आण्याएवढे चांदीचे नाणे. त्यावर दोन तोंडांचा गरुड आहे. हे नाणे माझे आहे. २००३ च्या पाडव्याला मी विनयला ओवाळले. ओवाळणी आणायला तो दरवर्षीप्रमाणे विसरला होता. टेबलावर आपला नाण्यांचा संग्रह मांडून बसला होता, त्यातले हाताला लागले ते तबकात टाकले. दुसऱ्या दिवशी बोंबाबोंब.

“शोभना, ते रिटर्न कर ना यार! तुला डायमंडचे कानातले घेतो.”

“घे की. पण ओवाळणी परत मागतात का कधी?”

कानातले मी घेतले. नाणेही ठेवले. साडेतीन वर्षे त्याने सगळे घर पालथे घातले, पण माझा कुंकवाचा करंडा काही उघडला नाही.

नाण्यातले मला ओ की ठो कळत नाही. पण चौतीस वर्षांत त्याने मला दिलेली ही एकच वस्तू, जिच्यासाठी त्याचा जीव तुटला. म्हणून सोडवेना. मी घरी परतले नाही, तर नाणे विनयला द्यावे. करंडा इलाला.

४. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा वाटा रद्द होतो, असे आमच्या वकीलबाई आसावरी यांनी बजावले आहे. म्हणून सह्या शेजारचे उल्हास आणि रत्ना करतील. विनयने पेनाला हात लावू नये.

सही: शोभना विनय टिकेकर
प्लेनो, मंगळवार, १३ मार्च २००७

साक्षीदार:
१. उल्हास पटवर्धन
२. विनय टिकेकर

रत्नावहिनींच्या हातातले पेन मीच घेतले. कलम चार दोनदा वाचून सही केली आहे. मला नाणे नको, शोभना. भांडायला तू हवीस.