ठिपक्यावरून नजर हलवायची नाही

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे! घर तळमजल्यावर, जिना नाही, फरशीला नक्षी नाही, भिंती नुसत्या पांढऱ्या. दुसरी कुणी म्हणाली असती, काय बाई रुक्ष घर. मला पाहताक्षणी आवडलं. नवरोबांनी इतकी घरं पाहिली की शेवटी दलाल फोन उचलेना. आमच्या अटीच जगावेगळ्या होत्या. लुकलुकणारे दिवे नकोत, पट्ट्यापट्ट्यांचे पडदे नकोत, खिडकीसमोर वाहता रस्ता नको. वर राहणाऱ्या मालकीणबाईंनी किल्ली देताना माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनेच पाहिलं.

ही रोजनिशी हौसेची नाही. झोप किती झाली, जेवण कधी झालं, चक्कर आली तर त्याआधी काय घडलं, हे सगळं लिहायला डॉक्टरांनी सांगितलंय. मी पडले बडबडी, तेव्हा बाकीचंही लिहीनच. आजाराचं नाव व्हेस्टिब्युलर मायग्रेन. ते कळायलाच वर्ष गेलं. कुणी कान म्हणालं, कुणी मान, कुणी पित्त, आणि सगळ्यांचं सांगून झाल्यावर उरलं मन. डोकं दुखत नाही मग मायग्रेन कसलं, असं मीही विचारलं होतं. माझं दुखत नाही, गरगरतं. पायाखालची जमीन सरकली असं लोक नुसतं बोलतात, मी ते स्वयंपाकघरात उभी राहून भोगलंय.

मी केकवर फुलं काढायचे. सगळं काम फिरत्या स्टँडवर. केक फिरला की त्याच्याबरोबर मीही फिरायला लागले आणि काम सुटलं. त्याचं एवढं नाही, पण लेक दुरावली. ठकी आता अकरा महिन्यांची आहे. ती कडेवर असताना एकदा भोवळ येऊन मी गुडघ्यांवर आले. तिला खरचटलंही नाही, पण दुसऱ्याच दिवशी वन्सं, म्हणजे माझी नणंद, तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. चुकलं त्यांचं असं म्हणवत नाही. या महिनाअखेरीपर्यंत मी धड राहिले तर ठकीला आणून सोडणार आहेत. मला पोरीला उचलून घ्यायचंय. एवढंच हवंय.

६ फेब्रुवारी

आज इथल्या फिजिओबाईंकडे गेले. बाई बोलक्या निघाल्या. व्यायाम दिसायला पोरखेळ आहे. भिंतीवर डोळ्यांच्या पातळीला एक ठिपका काढायचा, मान डावीकडे-उजवीकडे वळवत राहायची आणि ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. मेंदूला हळूहळू पटतं म्हणे, की जग जागेवर आहे. पहिल्या पहिल्यांदा त्रास वाढेल, धीर सोडू नका, असंही म्हणाल्या.

ठिपका काढावाच लागला नाही. मागच्या छोट्या खोलीत, जी ठकीची होणार आहे, भिंतीवर मिऱ्याएवढा काळा ठिपका आधीच आहे. नेमका माझ्या डोळ्यांच्या पातळीला. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, मला भिंतीतून दिला.

व्यायाम केला. मळमळलं नाही. झोप चांगली लागली.

१० फेब्रुवारी

आज मी सुपरमार्केटमध्ये एकटी गेले! दोन्ही बाजूंना डबेच डबे रचलेल्या त्या बोळातून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, ट्रॉलीला न धरता. घरी येऊन माळ्यावरचं फिरतं स्टँड काढलं, क्रीम फेटलं आणि गुलाब काढला. पाकळी न पाकळी सरळ आली. नवरोबांनी तो गुलाब उभ्या उभ्या गिळला आणि वर विचारलं की गोड कमी का.

फिजिओबाई चकित झाल्या. इतक्यात एवढा फरक त्यांनी पाहिला नव्हता. नवऱ्याने लगेच वन्संना फोन लावला. त्या वीस तारखेलाच येतायत, ठकीला घेऊन! तिच्यासाठी छोटी खोली पुसून काढली, पाळणा मांडला.

एक बारीकसं. ठिपका बघताना आज हनुवटी जराशी खाली घ्यावी लागली. मान ताठ राहायला लागली असेल.

१३ फेब्रुवारी

ठिपका माझ्या छातीशी आहे.

मी नवऱ्याला बोलावून दाखवला. तो म्हणाला, तिथेच तर होता, तुझ्या आत्ता लक्षात आलं. मला जे हलताना दिसतं ते हललेलं नसतं, हे मला वर्षभर शिकवलंय, आणि मी शहाण्या मुलीसारखी शिकलेय. म्हणून ‘लक्षणे’ या रकान्यात लिहिते: स्थिर वस्तू खाली सरकल्याचा भास.

तरी मनाच्या समाधानासाठी ठिपक्याभोवती पेन्सिलने गोल काढून ठेवला.

१४ फेब्रुवारी

गोल रिकामा आहे. ठिपका त्याच्या खाली, चांगला वीतभर.

नवरा म्हणतो, मी गोलच चुकीच्या जागी काढला. त्याला ठिपका दिसतो, गोलही दिसतो. त्याला फक्त काही वाटत नाही. मग मी ठिपक्यावर कागद चिकटवला. पाणी पिऊन परत आले तर ठिपका कागदावर होता. फिजिओबाईंना फोन केला. तान्ह्या बाळाशी बोलावं तसं त्या माझ्याशी बोलल्या. मुलगी येणार म्हणून मनावर ताण आलाय, थोडा आराम करा.

उद्यापासून व्यायाम बंद. त्या खोलीत जायचंच नाही.

१५ फेब्रुवारी

उठताच छत फिरलं. पलंगाची कड धरून पडून राहिले. दोनदा उलटी. न्हाणीघरापर्यंत रांगत गेले. इतकं वाईट आधी कधीच नव्हतं. नवरा उशाशी बसून राहिला आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, ताईला येऊ नको म्हणून कळवतो.

मी भिंत धरत धरत छोट्या खोलीत गेले. ठिपक्याकडे बघितलं. नळ बंद करावा तशी चक्कर थांबली. मग बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, कळवू नकोस, मी बरी आहे.

भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय मला.

१७ फेब्रुवारी

ठिपका कमरेच्या खाली गेलाय. जमिनीवर बसून व्यायाम केला. केला नाही तर उभं राहता येत नाही.

आज नीट लक्ष दिलं. मान डावीकडे नेली की तो अगदी किंचित सरकतो. उजवीकडे नेली की परत. दिवसेंदिवस त्याचं ते सरकणं कमी होतंय. आज तर जवळजवळ नाहीच. मी इतके दिवस समजत होते की मी सुधारतेय म्हणून तो स्थिर दिसतो.

तसं नाहीये. तोही शिकतोय. त्याचंही सगळं जग माझ्यासारखंच गरगरत असणार. त्याला नजर टेकवायला काहीतरी जागेवरचं हवं होतं. मी रोज समोर येऊन बसत होते.

त्या खोलीतला ठिपका मी आहे.

१८ फेब्रुवारी

गुडघ्याच्या वीतभर वर. आता थांबलाय. सकाळपासून तिथेच.

वन्संनी ठकीचा व्हिडिओ पाठवलाय. सोफ्याला धरून उभी राहते माझी बाय. सोफ्याच्या हातावरून फक्त कपाळ आणि डोळे दिसतात. मी टेप घेऊन आमच्या तसल्याच सोफ्याचा हात मोजला. मग भिंत मोजली.

तेवढीच उंची. ठकीच्या डोळ्यांची.

१९ फेब्रुवारी

खरं सांगितलं तर डोक्यावर परिणाम झाला म्हणतील. म्हणोत. पण मग माझी पोर मला पुन्हा कधीच मिळणार नाही—

म्हणून नाटक केलं. नवऱ्यासमोर स्वयंपाकघरात धाडकन पडले. म्हटलं, बघ, मी बरी नाहीये, तिला आणू नका. तो हसला. म्हणाला, तू खरी पडतेस तेव्हा कधी हात पुढे करत नाहीस. त्याला वाटतंय मी आई व्हायला घाबरतेय. डोक्यावरून हात फिरवला.

इतकं चांगलं ओळखतो मला, आणि तरी—

२० फेब्रुवारी

आल्या.

ठकीने मला ओळखलं. दोन्ही हात पसरले. मी घेणार, एवढ्यात तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. वन्संच्या कडेवरून खाली घसरली आणि रांगत सुटली. तडक छोट्या खोलीत. भिंतीशी गेली, आणि उभी राहिली. कशालाही न धरता. पहिल्यांदाच.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी मोबाइल काढला. ठकी भिंतीकडे तोंड करून मान हलवत होती. डावीकडे, उजवीकडे. किती गोड ‘नाही’ म्हणते बघा, असं वन्सं म्हणाल्या.

मी ओरडले. आत्ताच्या आत्ता घेऊन जा तिला. वन्संनी नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळते. बरं, सकाळी नेते, म्हणाल्या.

नेऊ दे. कायमची नेऊ दे. मला काही म्हणायचं नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळ

नेता येत नाहीये.

उंबऱ्याबाहेर काढलं की किंचाळते. ओकते. तिची बुबुळं एका बाजूला झटके खातात, परत येतात, परत झटके. माझी तशी व्हायची. आरशात पाहिलीयेत मी. अकरा महिन्यांच्या पोरीला—

छोट्या खोलीत आणली की गप्प होते.

आता त्यांनाही कळलं. आता कुणी हसत नाही. वन्सं डॉक्टरांना आणायला धावल्या. त्यांना न्यायला नवरा गाडी काढतोय. मला म्हणाला, तिच्यापाशी बस, तुलाच माहीत आहे हे.

२१

डॉक्टर येतील त्यांच्यासाठी लिहून ठेवते. नंतर माझं कुणी ऐकणार नाही.

भिंतीवर ठिपका नाही. चारही भिंती बघितल्या. पाळण्याखाली बघितलं. कुठेच नाही.

ठकी भिंतीकडे पाठ करून उभी आहे. डुलत नाही. माझ्याकडे बघतेय. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. पापणीही—

मान हलवतेय. डावीकडे. उजवीकडे. नजर माझ्यावरच. तसूभर ढळत नाही. किती छान जमतंय तिला. तिला नाही. त्याला—

चालत येतेय. एकही पाऊल वाकडं नाही

बाहेर गाडीचा आवाज. चालू होत नाहीये वाटतं

माझं डोकं अगदी शांत आहे. इतकं शांत कधीच नव्हतं. हात वर केलेत तिने. घे म्हणतेय. ठकीचेच हात आहेत गं, तेच इवले— आत कुठेतरी माझी पोर असेलच ना. एकटी. गरगरत. मी नाही घेतलं तर कोण

उचलते. तिच्याकडे बघायचं नाही फक्त. डोळे मिटून उच