वरच्या आळीचं भाडं

प्रिय रोसेंदा,

'प्रिय' लिहिलंय ते रीत म्हणून. खरं काय ते शेवटी ठरवू. फोनवर बोलायला घेतलं की तू रडतेस, मग मी ओरडते, आणि कामाचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. दोन इयत्ता शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून लावून वाच. फेर्मिनाबाईचा जावई तुमच्या लॉस एंजेलिसला परत निघालाय, त्याच्या हाती देते. पाकीट चिकटवून वर मेणबत्तीचं मेण ओतलंय. मेण फुटलेलं दिसलं तर त्याला माझ्या वतीने चार शब्द ऐकव.

एकोणीस वर्षांनी घरी येतेस. आणि निरोप काय पाठवतेस, तर हल्ली टॅक्सीवाले किती घेतात, लाँचचे किती, धक्क्यापासून वरच्या आळीला टुकटुकचे किती, मला कुणी फसवायला नको. एकदा नाही, तीन-तीनदा तेच. सेल्विनबद्दल एक अक्षर नाही. जी बाई भाड्याचं इतकं विचारते आणि पोराचं काहीच नाही, तिच्या मनात दुसरंच काही असतं. मी धक्क्यावर आंब्याच्या फोडी विकते गं, माणसं बघण्यातच जन्म गेलाय. तुझे तिकडे राहायचे कागद झाले, हे मला तुझ्याकडून नाही, फेर्मिनाबाईकडून कळलं. तिने ते मला कसं सांगितलं माहीत आहे? मिठाची वाटी मागायला आली, मीठ घेतलं आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आता रोसेंदा पोराला नेणार म्हणायची. तुझं घर मोकळं होईल." मी म्हटलं, "मीठ पुरेल ना तेवढं?" ती गेल्यावर माझ्या हातून भाकऱ्या करपल्या.

तर तू त्याला न्यायला येतेयस. हो म्हण नाहीतर नाही म्हण, मला कळायचं ते कळलं. तीन वर्षांचा होता, तुझं लुगडं मुठीत धरून धक्क्यावर उभा. ती मूठ मी सोडवली होती, तू नाही. त्या दिवशी म्हाताऱ्या लाँचवाल्याने तुझं भाडं घेतलं नव्हतं, आठवतं का? म्हणाला, जाताना नको, परत येशील तेव्हा दे. तो मेला. आता त्याचा मुलगा लाँच चालवतो आणि तोंड बघून दुप्पट सांगतो.

असो. भाड्याचं विचारलंस, भाड्याचंच सांगते.

राजधानीत विमानातून उतरलीस की काचेच्या दारापाशी माणसं तुटून पडतील. "ताई, टॅक्सी? ताई, कुठं जायचं?" एकजण बॅगेला हात घालेल आणि म्हणेल, "आधी बसा तर खरं, पैशाचं काय, बघू की!" हे वाक्य ऐकलं की बॅग छातीशी धर. जो आधी बसा म्हणतो तो उतरताना कापतो. आकडा त्याच्या तोंडून काढायचा, आपण सांगायचा नाही. ऐकला की हसायचं. रागवायचं नाही. रागावणाऱ्याला गरज असते, हे त्या लोकांना बरोबर कळतं. हसायचं आणि चालू लागायचं. भाव खोटा असेल तर तो मागून येतो. आला नाही तर समज, भाव खरा होता. मग मुकाट्याने परत जाऊन बस. त्यात कसली आलीय लाज?

सुट्या नोटा चोळीत ठेव. "सुटे नाहीत हो" म्हणून मोठी नोट गिळणारे तुला वाटेत भेटतील तेवढे संतसुद्धा देवळात नाहीत. आणि सगळ्यांत आधी विचार, दर एकाचा की सगळ्यांचा? बॅग धरून की बॅगेचं वेगळं? मध्यंतरी एक गोरं जोडपं आमच्या धक्क्यावर उतरलं. पाठीवर घर बांधल्यासारख्या पिशव्या. मोइसेस टुकटुकवाल्याने वीस केत्साल सांगितले, ते भांडून भांडून पंधरावर आले, खूश होऊन बसले. खाली उतरल्यावर मोइसेस म्हणतो तीस. "पंधरा एकाचे. तुम्ही दोघं नाही का?" ती बाई लालबुंद. मोइसेस वर म्हणतो कसा, "बाई, नवऱ्याला मोजायला विसरलात, त्यात माझा काय दोष?" परत येऊन त्याने ते सांगितलं तेव्हा सगळा धक्का हसला. मीही हसले. मोइसेस वाईट नाही, पण त्याच्याकडे पाठ करून जेवू नये.

तेव्हा मीही तुला तेच विचारते. परतीचं तिकीट एकाचं काढलंयस की दोघांचं?

उत्तर पाठवू नकोस. तू गोड बोलशील आणि मला खोटं वाटेल.

राजधानीतून पुढे साध्या बसनेच ये, कोंबड्या आणि पोती असतात तीच. सोलोलाला उतरून दुसरी धर, ती पानाहाचेलला तळ्यापर्यंत सोडते. तिथल्या धक्क्यावर कुणीतरी तोंड पाडून सांगेल, "शेवटची लाँच गेली हो ताई, आता अख्खी लाँच करावी लागेल तुम्हाला." तेव्हा त्याच्याकडे बघू नकोस, पाण्याच्या काठाकडे बघ. बायका टोपल्या घेऊन बसल्यात का? बसल्या असतील तर लाँच आहे. बायका उगाच बसत नाहीत. त्यांच्यात जाऊन बस. काठावर जो हात पुढे करतो त्याला पैसे देऊ नकोस, उतरताना चालवणाऱ्याच्या हातात दे. आणि दुपारच्या आधी ये. शोकोमिल वारा सुटला की लाँच अशी आपटते की दात मोजून घ्यावेत, आणि तुझं पोट आता तिकडच्या गुळगुळीत रस्त्यांना सोकावलं असेल.

आपल्या धक्क्यावर उतरलीस की टुकटुक घेऊच नकोस. सगळे लुटारू. चढ आहे तिथेच आहे, देवळामागून चालत ये. नाहीतर माझ्या गाड्यापाशी थांब, मी तुला मागच्या गल्लीने नेईन. पैसे वाचतील.

इथवर परवा रात्री लिहिलं होतं. मग लिहायचं सोडून दिलं, का ते सांगते.

तू म्हणशील, मी तर लुगडं-चोळी नेसून येईन, डोक्याला फीत बांधीन, मला कोण परकी म्हणेल? बाई, कपड्यावर काही नसतं. तुझ्यासारख्या परत येणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या. सगळं बरोबर नेसतात, आपली बोली बोलतात, आणि टुकटुकीपाशी जाऊन विचारतात, "वरच्या आळीला किती घेणार?" संपलं. गावचं माणूस विचारतं का कधी? ते बसतं, आळीचं नाव सांगतं, वाटेत कुणाची गाय मेली, कुणाची सून पळाली ते बोलतं, आणि उतरताना पाच केत्साल हातावर ठेवतं. भाव विचारला की तू परकी. मग दहा ऐक नाहीतर वीस. यात फसवणूक नाही. तू स्वतःच सांगितलंस की मी इथली नाही. तुझा निरोप आला तेव्हा मला राग कशाचा आला होता ते आता कळलं ना? आपल्याच घरी यायचं भाडं तू विचारलंस.

तुझ्या पोराला ही विद्या सगळ्यांत जास्त येते. तू पाठवलेल्या पैशांतूनच टुकटुक घेतली, तुला माहीत आहे. लाल आहे. तो म्हणतो, "मावशी, मला विचारायचीसुद्धा गरज नाही. माणूस लाँचमधून पहिला पाय कसा टाकतो, त्यावरून भाडं ठरतं." गोऱ्यांना असा निर्विकार चेहऱ्याने तिप्पट सांगतो की मलाच वाटतं खरं असावं. मला तो मावशीच म्हणतो. आई म्हण, असं मी कधी सांगितलं नाही. नको म्हणू, असंही नाही.

आणि एक. इथे टुकटुकीच्या पाठीवर नाव रंगवतात. मोइसेसच्या पाठीवर आईचं नाव आहे, कुणाच्या बायकोचं, कुणाच्या संताचं. एकाने तिघींची रंगवून घेतली होती, ती आता खरवडून काढलीत. सेल्विनची पाठ कोरी आहे. रंगारी येऊन विचारून गेला, तर म्हणाला, "राहू दे सध्या." मला वाटलं होतं माझं नाव घालेल. बोलले नाही. बोलून मिळालेलं नाव काय कामाचं?

आता काल काय झालं ते ऐक. सकाळच्या लाँचमधून एक बाई उतरली. तुझ्या वयाची, पँट घातलेली, केस कापलेले, चेहरा मात्र आपल्यातला. पहिला पाय टाकला तोच घाबरत, फळी धरून. मी मनात म्हटलं, वीस. ती नेमकी सेल्विनपाशी गेली आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, "वरच्या आळीला किती?" मोइसेसने मागून मला डोळा मारला. सेल्विन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. असा, की ती बाई बावरून आपला गळा चाचपायला लागली. मग म्हणाला, "बसा ना." भाव सांगितलाच नाही.

परत आला तेव्हा सगळे त्याच्यावर तुटून पडले. "किती काढलेस रे?" म्हणाला, "पाच." मोइसेसने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, तिने भाव विचारला! तोंडाने विचारला! देवाने ताटात वाढलं आणि तू उपाशी उठलास!" सेल्विन म्हणाला, "मला वाटलं इथलीच आहे." "कोणाची मग?" "नाही निघाली कोणाची," एवढंच बोलला आणि फडकं घेऊन काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

मी आंबा चिरत होते. फोडींवर लिंबू पिळलं, मीठ घातलं, भोपळ्याच्या बियांची पूड घातली, गिऱ्हाईक निघून गेलं तरी घालतच राहिले. रोसेंदा, मला वाटत होतं मी धक्क्यावरच्या सगळ्यांवर नजर ठेवते. माझ्या घरात जेवणारा पोरगा किती दिवसांपासून लाँचमधून उतरणाऱ्या तुझ्या वयाच्या एकेका बाईचं तोंड बघतोय, ते मला दिसलं नाही. तू येणार हे मी त्याला सांगितलेलं नाही. फेर्मिनाबाईने सांगितलं का, देव जाणे, तिच्या जिभेला कडी नाही. संध्याकाळी जेवताना विचारलं, "त्या बाईकडून पाचच का घेतलेस?" तो म्हणाला, "मावशी, आंबे कसे गेले आज?" माझंच पोरगं, विषय बदलायला माझ्याकडूनच शिकलंय.

वर मी लिहिलं ना, टुकटुक घेऊ नकोस, मागच्या गल्लीने ये, पैसे वाचतील? ते पैशांसाठी नव्हतं. त्याने तुला बघण्याआधी मला तुला बघायचं होतं. तुला माझ्या चुलीपुढे बसवून तिकीट किती जणांचं ते तुझ्या डोळ्यांत वाचायचं होतं, आणि दोघांचं असतं तर तुला त्याच वाटेने परत पाठवायचीसुद्धा तयारी होती माझी. अजूनही तुझ्यावर विश्वास नाही. पण कालपासून माझ्यावरही तेवढा राहिला नाही. ते पान फाडून टाकणार होते, मग म्हटलं राहू दे, वाच.

तर आता नीट ऐक, हे सांगायलाच लिहिते आहे. धक्क्यावर उतरलीस की माझ्याकडे येऊ नकोस. मी आंबे विकत असेन, मान वर करणार नाही. ओळीत एक लाल टुकटुक असेल, पाठ कोरी असलेली. मोइसेस आडवा येईल, त्याला बाजूला कर. सरळ जाऊन त्या लाल टुकटुकीत बस आणि आपल्या बोलीत सांग, वरची आळी, निकोलासाचं घर. भाडं विचारू नकोस. काहीही झालं तरी विचारू नकोस. उतरताना पाच केत्साल हातावर ठेव. घेतले तर चूल पेटलेली असेल, आत ये. त्याने वीस मागितले, शंभर मागितले, तर मी शिकवलेलं सगळं विसर, हसू नकोस, चालू लागू नकोस, एकाचे की दोघांचे विचारू नकोस. जेवढे मागेल तेवढे दे. सगळीकडे घासाघीस कर बाई, त्या एका ठिकाणी नको.

तुझीच, निदान धक्क्यापर्यंत तरी,
थोरली निकोलासा