सोडलेला एडका

मेहरूण, जळगाव
१४ जानेवारी २०२५

ती. धुरपदाअक्कास,
धाकट्या धनसिंगचा सा. न. वि. वि.

तुझ्या डोंगरात फोन लागत नाही, म्हणून पत्र. तुझी भाची भूमिका नर्स झाली. आता नवस फेडायला हवा. खंडेरावासमोर मी काळा एडका बोललो होतो, तू शेजारीच उभी होतीस. काळा एडका आता तुझ्याच कळपात उरलाय. माघी पौर्णिमेला कापू, गावजेवण घालू. राग मानू नकोस.

लोभ आहेच, तो राहू दे.
धनसिंग

पिंपळनेर, ता. साक्री
२० जानेवारी

चि. धनसिंगास अनेक आशीर्वाद.

पोरीच्या बातमीने डोळे भरले आणि पुढचं वाचून आधी एडक्याला बघून आले. अरे, आपल्या आबांच्या कळपातलं डोंगरी बीज म्हणजे हा एकटाच. बाकीच्यांनी बाहेरचे थोराड पांढरे एडके आणले. त्यांच्या कोकरांचे खूर पावसाळ्यात सडतात, चढावर ती बसकण मारतात. हा गेला की आपली जात संपली, काळ्या लोकरीची घोंगडीही संपली. पण देवाचं देवाला द्यायलाच हवं. दोन दिवस त्याच्याभोवतीच घुटमळले.

तिसऱ्या दिवशी तुझा नवस शब्दन् शब्द आठवला. तू म्हणालास, "देवा, तुना नाववर काया एडका सोडसू." कापसू म्हणाला नाहीस. शहरात राहून बोलीही विसरलास? आपल्यात सोडलेल्या एडक्याला कोणी बांधत नाही, विकत नाही, सुरी लावत नाही. तो हव्या त्या कळपात चरतो. भगतही म्हणाला, शब्द दिला तसाच फेडायचा. तेव्हा भंडारा घेऊन ये. सुरी भाजीला राहू दे. मी मांडे करते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
अक्का

मेहरूण
१५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बापाला स्वतःचाच नवस कळला नाही, हे भूमिका साऱ्या मेहरूणला सांगत सुटलीय. खरं सांगतो, तुला रडवून नवस फेडला असता तर तिची नोकरी मला गोड लागली नसती. काळजी एकच. दावं सोडताच एडका शेजारच्या झुलालनानांच्या कळपात शिरला. नानांनी तर आपले देशी एडके केव्हाच काढून टाकलेत. ते त्याला हाकलतील का?

आशीर्वाद असू दे, चेष्टाही चालेल.
धनसिंग

पिंपळनेर
२० जुलै

चि. धनसिंगास अनेक आशीर्वाद.

देवाच्या एडक्याला हाकलायची छाती कोणाची? नाना नुसते कुरकुरले. आता त्यांच्या मेंढ्यांना नऊ कोकरं झालीत, त्यांतली सात काळी. जन्मल्यावर तिसऱ्याच दिवशी ती भर पावसात आयांमागे टेकडी चढली. मी तर बांधावर उभी राहून लहान पोरीसारखी हसले.

काल नाना घरी आले. खाली बघत म्हणाले की त्यांतला एक नर मोठा झाला की तेही सोडणार आहेत. मी विचारलं, नवस कशाचा? म्हणाले, नवस काही नाही, असाच सोडायचा आहे.

सर्वांवर जीव आहेच.
अक्का