गुडघ्यावर बसणारी गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार
धाकटी बहीण अंबू कलघटगीत अंथरुणाला खिळली. मी थोरली, पण वर जायची घाई तिलाच. बसनं जायचं तर माझी कंबर अर्ध्या वाटेतच उतरते. ठरवलं, जुनी भारी गाडी घ्यायची, हवेच्या सस्पेन्शनची. खाली स्प्रिंग नाहीत, रबरी फुगे असतात म्हणे. गचका लागत नाही. रविवारी अंबूच्या दारात.

५ नोव्हेंबर
सप्तापुरात जयतीर्थ मास्तरांची गाडी बघितली. चार लाख. आमचे अप्पा बैल घेताना आधी बसवून, उठवून बघायचे. मास्तरांनी बटण दाबलं, गाडी खाली बसली. परत दाबलं, उठली. बाजारात इतकं गुणी जनावर नाही. नातू प्रसाद म्हणाला, अज्जी, मिस्त्रीला दाखवू. दाखव बाबा, तुझं तोंड तरी बंद होईल.

६ नोव्हेंबर
गोकुळ रोडचा चेतन मिस्त्री गाडीखाली शिरला तो वर येईना. आला तो म्हणाला, अज्जी, चारी फुगे म्हातारे झालेत. एकेकाला साठ हजार. पंप वेगळा. तीन लाख बाजूला ठेवा, नाहीतर साधी स्प्रिंगची घ्या. मेल्याला म्हातारं म्हणायला लाज नाही. माझे गुडघे पंधरा वर्षं म्हातारे आहेत, मोडलेत का? दुरुस्तीचा खर्च शून्य धरला.

७ नोव्हेंबर
पाटल्या मोडल्या. गाडी आली. हात हलके वाटतात. बरंच आहे.

८ नोव्हेंबर, सकाळी ६
गाडी रात्रीत आपोआप खाली बसली. म्हातारं माणूस चढणार, हे तिला कळतं. प्रसाद म्हणतो, हवा गळते. पोराला गुण दिसतच नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार
उठली नाही. डब्यात अंबूसाठी केलेल्या धपाट्या, मी नव्या लुगड्यात, गाडी एका कुशीवर. चेतन आला. दोन फुगे फाटले, पंप जळला. तो हसला नाही. हसला असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या. मास्तरांना फोन केला. म्हणाले, अक्का, तुम्हीच बसवून, उठवून घेतलीत की.

१२ नोव्हेंबर
धपाट्या आम्हीच संपवल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार
बसनं कलघटगी. बायकांना तिकीट फुकट, कंबर ज्याची त्याची. अंबूची नुसती हाडं उरलीत. विचारलं, अक्का, कशानं आलीस ग? म्हटलं, माझ्या गाडीनं. बाहेर उभी आहे. तिचे डोळे केवढे झाले. म्हणाली, मला एक फेरी मारून आण, बाजारापर्यंत. म्हटलं, पुढल्या रविवारी.
म्हणाली, दारात उभी आहे तर आज का नको?