वाळूत रुतलेलं लिंबू

प्रिय संग्राम,

होय रे बाबा, वाळूचेच टायर घातले. शेजारच्या संपदानं फोटो पाठवला ना तुला? चुगलखोर पोरगी! आणि तू लगेच विचारतोस, आपल्या जाब्रिया वस्तीतल्या वस्तीत फिरणाऱ्या गाडीला असले दातेरी टायर कशाला. सांगते, पण आधी माझा गोंधळ ऐक.

तू कॅनडातून व्हिडिओ धाडलास, हिवाळ्यात मऊ रबराचे टायर हवेत, नाहीतर बर्फावर गाडी घसरते. तो मी सुलैबियातल्या गॅरेजात कासमभाईंना दाखवला. तुझ्या बाबांपासून आपली गाडी तेच बघतात. हसून हसून बेजार झाले. म्हणाले, वहिनी, इथल्या उन्हात हे टायर लोण्यासारखे झिजतील. इथला हिवाळा म्हणजे पहिला पाऊस. रस्त्यावरची धूळ नि तेल भिजून निसरडं होतं, त्याला खोल खाचांचे टायर घ्या. वाळूत जायचं असेल तर वेगळे, पण ते रस्त्यावर घूं घूं करतात नि पावसात नीट थांबत नाहीत. मी गावच्या शाळेत सातवी शिकलेली, डोकं गरगरलं माझं. वर विचारतात, गाडी फिरते कुठं? मी म्हटलं, भाजी आणायला. बोट मात्र वाळूच्या टायरवर! तर म्हणतात कसे, वाळूत भाजी कोण पिकवतो, वहिनी?

मेलं, मी पटकन पैसे टेकवले नि गाडी काढली. त्या घाईत नव्या टायरखाली लिंबू ठेवायचं राहिलं. बाबा असते तर लिंबाशिवाय गाडी हलू दिली नसती. मग शुक्रवारी वाळवंटात ठेवलं, सगळ्यांचे हिवाळ्याचे तंबू लागतात ना, तिथं. वाळूत चालवताना टायरातली हवा कमी करतात, चाक पसरतं. मी गाडी पुढं घेतली नि बघते तर लिंबू फुटलंच नाही! अख्खं वाळूत रुतून बसलेलं. आता दृष्ट निघाली म्हणायची का राहिली? मी विचार करतेय तोवर हरीशनी ते उचललं, धुतलं नि पोह्यांवर पिळलं. हरीश आठवतात ना, दवाखान्यात एक्स-रे काढायचे? बाबांच्या आजारपणात त्यांच्याच घरून डबा यायचा. खिचडी कच्ची असायची. आता जमते त्यांना.

तू माझ्यासाठी खोली रंगवलीस, बर्फातले बूट आणलेस, तिकीट बघतोयस. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितेय. टायरचं मला अजून कळलेलं नाही. लिंबाचंही नाही. बाबांची गाडी घेऊन मी वाळूत जाते ते त्यांना चाललं असतं का, देव जाणे. पण तिकीट काढू नकोस. मी हरीशशी लग्न करणार आहे.

तुझीच,
आई