माझं अर्धं रान

बोरी

प्रिय स्वरदा,

तू काम करतेस त्या प्रयोगशाळेतून पाठवलेल्या जिवाणू खताच्या पुड्या पेरणीच्या आधीच मिळाल्या होत्या. आता सोयाबीन निघालं, म्हणून कसं झालं ते कळवते.

वरचं अर्धं रान यंदा माझ्या मनासारखं करू द्या, असं मी तुझ्या सासऱ्यांना म्हटलं. हे हसले. "सूनबाई माहेरी बसली, अन् तिची शाळा इथं चालू हाय," म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. उकिरड्यातलं जुनं, कुजून भुसभुशीत झालेलं शेणखत मी बायका लावून पसरवलं. तुझ्या पुड्या गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळल्या, बी सावलीत सुकवलं आणि लगेच पेरलं. सोबत सुपर फॉस्फेट. खालच्या अर्ध्या रानात नेहमीसारखं, पेरताना खत आणि वर पुन्हा युरिया.

तीनेक आठवड्यांत खालचं रान काळंभोर झालं. माझं त्यापुढे फिकं. शेजारचा सिताराम बांधावरूनच म्हणाला, "वहिनी, तुमच्या रानाला कावीळ झाली काय?" मी दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तू मुगाचं रोप उपटून मुळांच्या गाठी दाखवल्या होत्यास, आठवतं? तोवर आम्ही त्याला रोगच समजायचो. पीक हवेतलं नत्र या गाठींतून स्वतःच मिळवतं, वरून फार युरिया दिला की आळशी होतं, असं तू सांगितलं होतंस. माझ्या रोपाला गाठीच गाठी होत्या, फोडल्या तर आतून गुलाबी, म्हणजे कामाला लागलेल्या. खालच्या रोपाला मोजक्या, त्याही पांढऱ्या. तुला सांगावंसं वाटलं. पण फोनवर तुझं नाव निघालं की आदिनाथ जवळ येऊन उभा राहतो.

त्याच आठवड्यात तो युरियाची गोणी घेऊन माझ्या रानात उतरला. "लोक हसायलेत आपल्याला," म्हणाला. मी आडवी आले. "माझ्या रानात एक दाणा टाकायचा न्हाई," म्हटलं. पोटच्या पोरानं मला ढकललं. मी दगडावर पडले, मनगट मोडलं. जिंतूरला नेऊन प्लास्टर घातलं. बांधावरून घसरली, असं यांनी डॉक्टरांना सांगितलं आणि मीही मान हलवली. गोणी तशीच परत गेली.

पुढं माझंही रान हिरवं झालं. भादव्यात पाऊस लागून बसला, तेव्हा खालचं उंच सोयाबीन लोळलं. माझं बुटकं होतं, उभं राहिलं, तरी दाणा डागलाच. मळणीत माझ्या बाजूची पोती जास्त भरली, फार नाही. परवा हे उकिरडा झाकायला ताडपत्री घेऊन आले. हात आता बरा आहे, भाकरी थापता येते.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. येत्या रविवारी हे, आदिनाथ आणि गावातले महारुद्रभाऊ तुला आणायला परभणीला तुझ्या वडिलांकडे येणार आहेत. "तू चल, तुझ्या शब्दाबाहेर ती जायची न्हाई," असं मला म्हणालेत. मी येणार नाही. आदिनाथ दारू सोडल्याचं सांगेल, आणि ते खरं आहे. उन्हाळ्यापासून तो प्यायलेला नाही. मला ढकललं तेव्हाही प्यायलेला नव्हता. आत्याबाईंनी बोलावलंय, असंही ते सांगतील. मी बोलावलेलं नाही. तू नाहीस, तर घरात बोलायला कुणी नाही, हे खरं. तरी येऊ नकोस.

तुझीच,
आत्याबाई